बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

कॅम्प, बेळगाव

प्रिय आई-बाबा,
सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पुण्याची पीआरची नोकरी सोडून देवळाच्या ऑफिसात नेमकं करतेस तरी काय?" मी नुसतं हं-हूं केलं. आता सावकाश सांगते.

बाप्तिस्म्याचे दाखले, रविवारच्या सूचना हे आहेच. पण पाळकसाहेबांनी मला घेतलं ते कॉलेजातलं एनएसएस आणि पुण्यातली सात वर्षं बघून. गेल्या महिन्यात आवारात रक्तदान शिबिर घेतलं. बॅनरवर कन्नडमध्ये बेळगावी, मराठीत बेळगाव. नाव २०१४ ला बदललं, पण मराठी ओळीत 'बेळगावी' दिसलं असतं तर आपली माणसं त्यावरच भांडत बसली असती, रक्त राहिलं बाजूला! कन्नड वर, मराठी खाली, अक्षरं मात्र एकाच मापाची. हे पुण्यात नाही शिकले, तुमच्या दुकानाच्या पाटीवरून शिकले.

पुण्याचं एक तुम्हाला कधी बोलले नाही. २०१९ च्या पुरात कंपनीने चिकोडीकडे कृष्णाकाठी ब्लँकेटं वाटली. फोटो नीट येईना म्हणून एका आजीच्या हातात तेच ब्लँकेट तीनदा दिलं. ती बिचारी दरवेळी नव्याने हात जोडायची. बातमी मीच लिहिली, छापूनही झकास आली. तिथून मन उडालं. पगार निम्म्यावर आला हे खरं, महिनाअखेरीस माझीही चिडचिड होतेच.

शिबिरात मी नावनोंदणीच्या टेबलावर होते. बायका हौसेने आल्या आणि कितीतरी जणी तशाच परत गेल्या. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं. कुणाचं नऊ, कुणाचं साडेआठ. एक मावशी बोट दाबून धरत म्हणाल्या, "म्हणजे माझं रक्त चालत नाही काय गं?" त्यांना चहा दिला, पण काय बोलावं सुचेना. संध्याकाळी पाळकसाहेब म्हणाले, बातमीत किती पिशव्या जमल्या ते घाल. मी म्हटलं, परत गेलेल्या बायकांचा आकडाही घालू. थोडी कुरकुर झाली, पण आता पुढच्या महिन्यात फक्त बायकांची तपासणी ठेवलीय.

आई, जिना चढताना धाप लागते म्हणालीस ना? सोमवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या बसने येते, खानापूरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन येऊ. उपाशी राहू नकोस, या तपासणीला लागत नाही.

तुमची,
बेबी