यूकेला जाणाऱ्या पोरांना बॉयलरचंही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात परदेशी शिक्षणाबद्दल बरंच काही येतं, व्हिसा, लोन, पार्ट टाइम नोकरी वगैरे, पण तिकडे थंडीत घर चालवायचं कसं याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. दर सप्टेंबरला पुण्या-नाशिकहून, नागपूरहून पोरं येतात, बॅगेत थर्मल, मेतकूट, गोडा मसाला सगळं असतं आणि नोव्हेंबरात थंडी वाढली की रात्री मेसेज सुरू, "मावशी हीटिंग बंद पडलंय, गरम पाणी पण नाही, काय करू?" बिचारी कोट घालून झोपतात. आणि बऱ्याचदा बिघाड असा काही नसतोच.

इथे बहुतेक घरांत भिंतीवर गॅसचा कॉम्बी बॉयलर असतो. तोच पाणी तापवून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या लोखंडी पॅनेलमध्ये, फिरवतो आणि गरम पाण्याचा नळ सोडला की तेही तिथल्या तिथे तापवून देतो, गिझरसारखी साठवणीची टाकी त्याला नसते. बंद पडला तर आधी साध्या गोष्टी बघा. गॅसचा मीटर प्रीपेड असेल तर बॅलन्स संपलाय का, थर्मोस्टॅटचा सेल गेलाय का, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात तेव्हा टायमर बदललाय का.

मग बॉयलरवरचा प्रेशरचा काटा बघायचा. हीटिंग बंद असताना तो साधारण 1 ते 1.5 बारमध्ये पाहिजे, फार खाली गेला की बॉयलर स्वतःहून बंद होतो आणि पोरांना वाटतं जळला. बॉयलरच्या खाली बहुतेक वेळा चंदेरी जाळीची एक छोटी नळी असते, तिच्या टोकांना बारीक कॉक असतात, ते हळूच उघडायचे, पाण्याचा सूं आवाज येतो, नजर काट्यावरच ठेवायची आणि 1.3 च्या आसपास आला की दोन्ही कॉक घट्ट बंद. उघडे राहिले तर प्रेशर 3 बारपर्यंत चढतं आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर सांडायला लागतं. पण दर दोन-चार दिवसांनी प्रेशर उतरत असेल तर कुठेतरी लीक आहे नाहीतर आतला एक्स्पान्शन व्हेसल (प्रेशर सांभाळणारा डबा) गेलाय, मग नुसतं पाणी भरत बसू नका, घरमालकाला कळवा.

बाहेर बर्फ पडला आणि बॉयलर गुडगुड करून बंद झाला तर बाहेर जाणारा प्लास्टिकचा पाइप गोठलेला असायची शक्यता जास्त. 2005 पासून इथे नवे बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचेच लागतात, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारे, आणि ते पाणी त्या पाइपातून बाहेर जातं. त्यावर कोमट पाणी ओतायचं, उकळतं अजिबात नाही, आणि मग रीसेट. पाइप उंचावर असेल तर शिडीबिडी लावायची नाही.

रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करून गार होऊ द्यायचं, वरच्या कोपऱ्यातला स्क्रू छोट्या चावीने जरासा सैल करायचा, खाली फडकं धरायचं, फुस्स करून हवा जाते आणि पाणी आलं की लगेच आवळायचा, नंतर प्रेशर परत बघायचं कारण ते उतरलेलं असतं. उलट खालून गार असेल तर आत काळा गंजाचा गाळ साचलाय, ते प्लंबरचं काम. एकच रेडिएटर पूर्ण गार असेल तर बाजूचा 1 ते 5 आकड्यांचा व्हॉल्व्ह बघा, उन्हाळाभर बंद राहिला की त्याची आतली पिन अडकते.

पण बॉयलरचं कव्हर उघडायचं नाही म्हणजे नाही. गॅसचं काम फक्त गॅस सेफ रजिस्टरवरच्या, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीतल्या, माणसाने करायचं, त्याचं कार्ड मागायला लाजू नका, त्याला कोणतं काम करायची परवानगी आहे ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि घराबाहेर गेल्यावर बरं वाटतंय असं झालं तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो, त्याला वास नसतो. खिडक्या उघडा, बॉयलर बंद करा, बाहेर पडा आणि गॅस इमर्जन्सीच्या 0800 111 999 ला फोन करा, तो चोवीस तास फुकट आहे.

आपली पोरं घरमालकाला घाबरतात याचं मला फार वाईट वाटतं. भाडेकरूच्या घरातला गॅस दर वर्षी तपासून घेणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे, त्याचा कागद राहायला यायच्या आधी मिळायला पाहिजे, हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती 1985 च्या कायद्यानुसार त्याच्याच गळ्यात आहे आणि 1 ऑक्टोबर 2022 पासून इंग्लंडमध्ये बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही त्यानेच लावायचा. हे मागितलं म्हणून कोणी उपकार करत नाही.

जे इथे घर घेतात त्यांना एवढंच सांगते की मोठा बॉयलर म्हणजे चांगला हे डोक्यातून काढा. 30 किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला साधारण 12 लिटर गरम पाणी देतो, पण रस्त्यावरून येणारं पाणीच 10 लिटर असेल तर तुम्ही कितीही मोठा लावा, काय उपयोग? आधी बादली लावून मोजा. दोन बाथरूम एकदम चालत असतील तर सिलिंडरवाला (गॅसचा नव्हे, गरम पाणी साठवायच्या टाकीचा) सिस्टिम बॉयलर बरा. कॉम्बी असेल तर रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान 75-80 अंशांवरून 60 वर आणा, परत येणारं पाणी 55 च्या खाली असलं तरच कंडेन्सिंगचा फायदा मिळतो आणि बिल उतरतं. मात्र सिलिंडर असेल तर त्यातलं पाणी 60 च्या खाली ठेवू नका, लिजिओनेलाचे जंतू वाढतात. आणि जुना बॉयलर काढायचाच असेल तर हीट पंपाचाही, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घर तापवणाऱ्या विजेवरच्या यंत्राचाही, विचार करा, इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार त्याला 7,500 पाउंड देतं.

संपादक साहेब, परदेशी शिक्षणाची पुरवणी काढाल तेव्हा यातलं थोडं तरी छापा ही विनंती. आणि आईबाबांनो, पोरं व्हिडिओ कॉलवर भाड्याचं घर दाखवतात तेव्हा किचनचे ओटे बघून झाले की बॉयलरचा काटा दाखवायला सांगा, गरम नळ दोन मिनिटं सोडायला सांगा, आणि गॅस तपासणीच्या कागदावर तारीख कधीची आहे तेही वाचून घ्या.

आपली,
एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)