वासोट्याच्या मामांना, आम्हा पाचजणींकडून

मामा, शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तिला मी आधीच बजावलंय की "बास झालं आता" म्हणून तुम्ही उठलात तरी वाचणं थांबवायचं नाही. समोरासमोर तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच "चहा घेतला का?" वर उतरता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. दुसरं कारण म्हणजे साताऱ्यात आमच्या नातेवाइकांत त्या दिवसाची जी कहाणी फिरतेय, ती ऐकून माझं डोकं फिरलंय. "बायका बायका गाड्या घेऊन वासोटा किल्ल्यावर गेल्या, एक पडली, रडारड झाली, कुणी देवमाणूस भेटला म्हणून घरी आल्या." यात देवमाणूस तेवढा खरा, आणि तोही शब्द तुम्हाला आवडायचा नाही. तेव्हा काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पोवई नाक्यावरून आम्ही अंधारातच निघालो होतो. दोन बुलेट, एक पल्सर, एक ॲव्हेंजर आणि आमच्या धाकटीची ॲक्टिव्हा. बोगदा ओलांडून यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत हातमोज्यांतली बोटं बधिर झालेली. कासला लोक सप्टेंबरात फुलांसाठी जातात, २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर सुट्टीच्या दिवशी तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही. माझं विचाराल तर पठार पाहावं डिसेंबरात. फुलं नसतात, माणसं नसतात, वाळलेलं गवत आणि वारा, आणि रस्ता सगळा आपला. कास तलाव मागे टाकून, घाटाई फाट्यावरून पुढे बामणोलीच्या उतारावर आलो तेव्हा खाली शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, धुकं बसलेलं होतं.

बामणोलीत वनखात्याचा परवाना आणि लाँच ठरवायला रांगेत उभ्या राहिलो. रांगेतल्या एका गृहस्थांनी "तुमच्याबरोबर जेन्ट्स कोण आहेत?" असं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा धाकटीनं शांतपणे "ॲव्हेंजर" असं उत्तर दिलं. मग तुम्ही, आमचे वाटाडे, आलात. तुम्ही विचारलंत, "पानी किती घेतलंय? गुडघ्याचा तरास कुनाला हाय का? आन् बुटाचा तळवा दावा बघू." पाचही जणींचे बूट तुम्ही उलटे करून पाहिलेत. थोरलीच्या बुटावर अंगठा फिरवून म्हणालात, "चढताना काय न्हाय, उतरताना जपा." नेमकं तेच झालं, पण ते पुढे.

लाँचच्या इंजिनाच्या आवाजात तुम्ही हात करून दाखवत होतात, इथं आमची भातखाचरं होती, तिथं देऊळ, त्या डोंगराच्या कडेनं बैलगाडीची वाट. कोयना धरणाचं पाणी साठच्या दशकात चढलं आणि खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. तुमची भावकी कोण सोलापूरकडं, कोण सांगलीकडं, कोण ठाणे-रायगडाकडं. आम्ही साताऱ्यात वाढलेल्या. कोयनेची वीज लहानपणापासून वापरतोय. पाण्याखाली कुणाचं काय गेलं हे बोट दाखवून सांगणारं माणूस मात्र आम्हाला पहिल्यांदाच भेटलं. तुम्ही ते रडगाण्यासारखं सांगितलं नाहीत. "माती लई चांगली व्हती," एवढंच म्हणालात आणि तंबाखूची डबी काढलीत.

गडाच्या पायथ्याला मेट इंदवलीच्या चौकीवर पिशव्या उघडल्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या नि पुडे मोजले गेले, अनामत भरली. (हा नियम मला फार आवडतो. सगळ्या गडांना लावा.) ओढ्याकाठचा मारुती-गणपती, मग जंगल. वासोट्याचं जंगल भर दुपारीही जमिनीपर्यंत ऊन येऊ देत नाही. तुम्ही पुढे, मध्येच थांबून गव्याचं शेण दाखवायचं, वर शेकरू पळालं की काठीनं दिशा दाखवायची. ताई तेलिणीचा विषय निघाला तसा तुमचा चेहरा खुलला. पंतप्रतिनिधींसाठी तिनं हा किल्ला लढवला, पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांची फौज खाली बसलेली असताना महिनोन् महिने दाद दिली नाही. तिच्यावरचं ते सोट्या-कासोट्याचं कवन तुम्ही अख्खं म्हणून दाखवलंत, आणि शेवटच्या शब्दाला आमच्याकडे बघून जरा लाजलातही. धाकटीनं ते फोनवर टिपून घेतलंय, आता येता-जाता म्हणत असते.

वर बाबुकडा पाहिला, समोरचा जुना वासोटा पाहिला, पलीकडे कोकण उन्हात धुरकट दिसत होतं. डबे खाल्ले. गडावर मुक्कामाला बंदी आणि लाँचची वेळ ठरलेली, म्हणून तुम्ही घाई केलीत ते बरंच झालं.

उतरताना, पायऱ्या संपून जिथं वाळका पाचोळा सुरू होतो, तिथं थोरलीचा पाय पाचोळ्याखालच्या गोट्यावरून गेला. आवाज मी ऐकला. ती ओरडली नाही, नुसती खाली बसली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

आता ज्या प्रसंगासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो. मागून सात-आठ मुलांचा एक घोळका आला. मुलं वाईट नव्हती. पण दोन मिनिटांत त्यांतल्या एकानं मोबाईल काढून चित्रण सुरू केलं, दुसरा म्हणाला, "तुम्ही बाजूला व्हा ताई, आम्ही उचलतो," आणि तिसरा बूट ओढायला लागला. थोरली पन्नाशीची, शाळेत मुख्याध्यापिका. आयुष्यात तिला असं कुणी "बाजूला" केलेलं नाही. तुम्ही काठी आडवी धरलीत. आवाज चढवला नाहीत. पहिल्यांदा मोबाईलवाल्याला म्हणालात, "ते खिशात घाल बाळा." मग आमच्याकडे वळून विचारलंत, "तुमच्यात कुनी जानतं हाय का?"

आमच्यातली एक नर्स आहे. ती पुढे झाली. तुम्ही तिला म्हणालात, "ताई, तुमी सांगा कसं करायचं ते. मला वाट म्हाईत हाय, पायातलं तुमाला म्हाईत."

मामा, हे वाक्य मी कितीजणांना सांगितलं असेल!

तिनं बुटाची नाडी सैल केली, बूट काढला नाही, कारण काढला की सूज येते आणि मग पाऊल टेकवायला आधारच राहत नाही. घोट्यावर बुटासकट क्रेप बँडेज आवळलं. तुम्ही थोरलीसमोर उकिडवे बसून विचारलंत, "बाई, पाठंगुळी घ्यायचं म्हनलं तर मी घेतो. न्हाईतर दुसरी तऱ्हा हाय, वेळ लागंल, पन तुमच्या तुमी उतरशीला." थोरली दुसऱ्या तऱ्हेला हो म्हणाली. ती काय म्हणणार हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं असं मला अजून वाटतं.

ती दुसरी तऱ्हा सगळ्या ट्रेकवाल्यांनी शिकून घ्यावी अशी आहे. वाट एका माणसाच्या रुंदीची, दोघींनी दोन बाजूंनी धरायचं म्हटलं तर जागा नाही. तुम्ही पडलेल्या वाळक्या दोन लांब काठ्या शोधून आणल्यात (अभयारण्यात ओली फांदी तोडायची नाही, हे त्या गडबडीतही आम्हाला सुनावलंत), गुडघ्यावर दाबून मजबुती पाहिलीत. एकीनं पुढे, एकीनं मागे, दोन्ही हातांत काठ्यांची टोकं धरायची. मध्ये थोरली, दोन्ही काठ्यांवर हात रोवून, चांगल्या पायावर. पुढचीनं पाऊल टाकायच्या आधी "टाकते" म्हणायचं, मागचीनं "हं" म्हणायचं. अशा आम्ही आळीपाळीनं उतरलो. तुम्ही चार पावलं पुढे राहून वाटेतले सुटे दगड पायानं बाजूला सारत होतात, पाचोळा काठीनं झाडत होतात. उतार फार असेल तिथं ती बसून सरकली. जांभळाच्या एका मुळाशी तर सगळ्यांनाच हसू फुटलं, तिलाही. रडारड वगैरे काही झाली नाही, हे आमच्या नातेवाइकांनी कृपया वाचावं.

त्या मुलांनाही तुम्ही कामाला लावलंत. "पळत खाली जावा, नावाड्याला सांगा मामाची मानसं मागं हायेत, लाँच सोडू नको." तिथं फोनला रेंज नसते. मुलं खरंच पळत गेली आणि लाँच थांबवून ठेवली. त्यांचेही आभार, चित्रणासकट.

बामणोलीला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. थोरलीला गाडीवर मागे बसवून पस्तीसेक किलोमीटर घाटातनं न्यायचं म्हणजे पाय लोंबकळत राहणार. तुम्ही साताऱ्याकडं रिकामा निघालेला वडापवाला, म्हणजे सीटवर भाडं घेणारा जीपवाला, गाठलात, मागची अख्खी सीट तिला दिलीत, पायाखाली पोत्याची वळकटी लावलीत. आणि वडापवाल्याला जे सांगितलंत ते मी हेल्मेट घालता घालता ऐकलं. "मागं चार गाड्या हायेत. धुकं लागंल तसा हळू घे. आरशात चारी दिवे दिसत्यात का बघत चल." कासच्या पठारावर धुकं इतकं दाट होतं की स्वतःच्या हेडलाइटचा उजेड परत आपल्याच अंगावर येत होता. त्या जीपचा लाल दिवा धरून आम्ही यवतेश्वरापर्यंत आलो. एकदा ॲक्टिव्हा मागे पडली तर जीप आपणहून थांबली.

घोट्याच्या हाडाला बारीक चीर निघाली, प्लॅस्टर बसलं. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी पाय पाहून विचारलं, "बूट कुणी ठेवायला सांगितला? चांगलं केलं." नर्सबाईंनी त्यावर जी कॉलर ताठ केली ती अजून खाली आलेली नाही.

राहिली बुलेट. थोरलीची जुनी कार्ब्युरेटरवाली बुलेट, नवऱ्यालाही हात लावू देत नाही ती. ती तुमच्याकडे ठेवून आलो होतो. पुढच्या रविवारी आम्ही दोघी न्यायला आलो, तुम्ही तेव्हा लोकांना घेऊन गडावर गेला होतात. नातीनं पडवीत नेलं. बुलेट भिंतीकडेला, साइड स्टँडखाली फळीचा तुकडा, जमीन मऊ आहे म्हणून. पेट्रोलचा कॉक बंद. टाकीवर तुमचं जुनं धोतर चारपदरी घडी घालून, आणि सीटवर गोणपाट. गोणपाट कशाला, विचारलं तर नात म्हणाली, "कोंबड्या रात्री तिथंच बसाय लागल्या, मग आजानं टाकलं." गोणपाटावर पुरावा होता. सीट स्वच्छ. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली आणि आवाज ऐकून शेजारची चार पोरं धावत आली. त्यांना एकेक चक्कर मारून आणली, ते भाडं समजा.

पैशांचं तुम्ही आमचं ऐकलं नाहीत. वाटाड्याचं ठरलेलं घेतलंत, वर एक रुपया नाही. वडापवाल्यानंही थोरलीच्या एकटीच्या सीटचं भाडं घेतलं, त्यामागे कुणाचा शब्द होता ते आम्हाला कळतं. कंदी पेढे मात्र घेतलेत. नातीकडून कळलं की ते निम्मे चौकीवर वाटून आलात.

आमच्या घरच्यांना या सगळ्यातून एकच दिसलं, की बायकांनी असं जाऊ नये. मला त्यांना इतकंच सांगायचंय, की त्या जंगलात अडचण आली तेव्हा तिथल्या सगळ्यांत जाणत्या माणसानं आमच्या हातातलं काही काढून घेतलं नाही. कुणी काय करायचं ते आम्हालाच विचारून ठरलं. आम्ही उतरलो आमच्या पायांनी, गाड्या आणल्या आमच्या हातांनी, आणि ते तुमच्यामुळं जमलं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. काकांना हे तोंडी सांगायचा प्रयत्न करून झालाय. आता लेखी.

थोरलीचं प्लॅस्टर निघालंय. घोटा वाकतोय, जिना चढते, शाळेत जाते. तिनं नवे बूट घेतलेत, तळवा दाखवायला मुद्दाम घेऊन येणार आहे. नागेश्वरची गुहा राहिली, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. पावसाळ्यात वाट बंद होते, त्याआधी मार्चअखेरीपर्यंत यायचं म्हणते. तुम्ही "अजून एक महिना थांबा" म्हणालात तर थांबू, कारण याबाबत ती आमचं कुणाचंच ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तारीख नातीला कळवा. भाकरी आम्ही आणतो. मामींना सांगा, झुणका त्यांच्याच हातचा पाहिजे, आणि मिरची त्या दिवशीएवढीच.

तुमच्या,
थोरली, नर्सबाई, बँकवाली, धाकटी आणि हे लिहिणारी पल्सरवाली
सातारा