आधी एका माणसाला सांग

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

ताईने रागाच्या भरात तुला ‘आत्मकेंद्री’ म्हटलं, ते तुझ्या मनाला लागलंय. मला तिचं म्हणणं पटलेलं नाही. स्वतःविषयी बोलावंसं वाटणं हा काही दोष नव्हे. २०१२ साली हार्वर्डमध्ये डायना तामीर आणि जेसन मिचेल यांनी प्रयोग केले, तेव्हा स्वतःबद्दल सांगायला मिळावं म्हणून लोक थोड्या पैशांवरही पाणी सोडायला तयार झाले. ही ओढ सगळ्यांनाच असते.

मानसशास्त्रात नार्सिसिझमचे, म्हणजे स्वतःतच गुंतून राहण्याचे, दोन प्रकार मानतात. एक छाती काढून मिरवणारा. दुसरा आतून हळवा, कुणी वाखाणल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही. तुझ्यावर मी कसलाही शिक्का मारत नाही, पण काळजी वाटते ती या हळवेपणाची. सुट्टीत बघत होते ना! पोस्ट टाकलीस, फोन पालथा ठेवलास, उचललास, परत पालथा. लाइक्स येईनात तशी पोस्टच उडवलीस आणि जेवायला बसलास ते तोंड पाडून. कधी भरभरून मिळतं, कधी काहीच नाही. अशा बेभरवशाच्या बक्षिसाला जीव किती चिकटून राहतो, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवलं होतं. व्यसन हा शब्द मी जपून वापरते. आयसीडी-११मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाचा तसा वेगळा नाही. तरी चिडचिड, झोपेचं खोबरं, बंद करतो म्हणून पुन्हा तेच, हे सगळं मला दिसतं.

आणि एक गोष्ट मला अजिबात आवडलेली नाही. ब्रेकअपनंतर तू तिच्या मेसेजचे स्क्रीनशॉट स्टोरीवर टाकलेस. दुःख तुझं होतं रे, पण शब्द तिचे होते आणि तुझ्या भरवशावर लिहिलेले होते. स्टोरी २४ तासांत जाते, लोकांनी साठवून ठेवलेलं जात नाही. आणि एवढ्या जणांनी बदाम पाठवले, त्यातल्या एकाने तरी तू जेवलास का विचारलं? दुखेल ते आधी एका माणसाला सांग. मला, बाबांना, ताईला, नाहीतर एखाद्या जिवलग मित्राला. समुपदेशकाकडे जावंसं वाटलं तर मी सोबत येईन. जगाला सांगायचंच असेल तर राग निवल्यावर सांग, आणि फक्त स्वतःचं.

ती स्टोरी तू प्रोफाइलवर हायलाइट्समध्ये जपून ठेवलीस, म्हणून ते स्क्रीनशॉट तिथे अजून आहेत. आजच काढ आणि तिची माफी माग. जमेना तर मला फोन कर, मध्यरात्र असली तरी.

तुझी,
आई