‘मिडवेवर पाणी नाही’ हा निरोप कुणासाठी होता?

प्रति,
संपादक महोदय,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लष्करी गुप्तवार्ता अधिकाऱ्यांवरचा लेख वाचला. लेखात दुसऱ्या महायुद्धात जपानी संकेतलिपी उलगडणाऱ्या अमेरिकी नौदलाच्या जोसेफ रोशफोर्ट यांच्यावर एक चौकट आहे. तिचा गोषवारा असा: पॅसिफिकमधल्या मिडवे या अमेरिकी बेटावर पाणी संपल्याची खोटी बातमी सोडली, जपानी फसले, संकेतलिपी फुटली, लढाई जिंकली. यात क्रमच उलटा लागला आहे. पाण्याची युक्ती मे १९४२ मधली. जपानी संदेशांचा काही भाग तोवर वाचता येऊ लागला होता आणि त्यांतले ‘एएफ’ हे सांकेतिक नाव म्हणजे मिडवे, याबद्दल हवाईतल्या पर्ल हार्बर तळाच्या तळघरात रोशफोर्ट यांच्या हाताखाली संकेतलिपी उलगडणाऱ्या मंडळींची खात्री पटलेली होती. खात्री पटत नव्हती ती वॉशिंग्टनच्या नौदल कार्यालयाची.

तळघरात काय चालत होते ते आधी पाहू, कारण या अधिकाऱ्याचे खरे काम तेच. जपानी नौदलाच्या ज्या मुख्य संकेतलिपीला अमेरिकनांनी जेएन-२५ हे नाव दिले, ती दोन पुस्तकांवर चाले. पहिल्यात प्रत्येक शब्दाला, जागेला, नेहमीच्या वाक्प्रयोगाला एक पाच आकडी संख्या. दुसऱ्यात पानेच्या पाने नुसत्या पाच आकडी संख्या, कसलाही क्रम नसलेल्या. संदेश पाठवणारा कारकून पहिल्या पुस्तकातली संख्या लिही, तिच्याखाली दुसऱ्यातली मांडी आणि हातचा न घेता बेरीज करी. नमुन्याला आकडे घेऊ. २५७९१ खाली ४८६१७. एक आणि सात आठ. नऊ आणि एक दहा, म्हणून शून्य, हातचा सोडून द्यायचा. सात आणि सहा तेरा, म्हणून तीन. असे करत उत्तर येते ६३३०८, आणि हवेत जाते ते एवढेच. दुसऱ्या पुस्तकातल्या कोणत्या जागेपासून सुरुवात केली याची खूण संदेशातच असे, पण तीही झाकलेली.

फट होती ती पहिल्या पुस्तकात. त्यातल्या प्रत्येक संख्येला तिनाने पूर्ण भाग जाई. बिनतारी संदेशात एखादा आकडा चुकला तर घेणाऱ्याला लगेच कळावे, म्हणून केलेली ही सोय. (शाळेतला नियम आठवावा: २५७९१ च्या आकड्यांची बेरीज २४.) उलगडणारे लोक दुसऱ्या पुस्तकाच्या एकाच भागाने झाकलेले संदेश हुडकून एकाखाली एक लावत. मग उभ्या रांगेतल्या सर्व संख्यांवर एकच झाकणसंख्या, म्हणजे दुसऱ्या पुस्तकातली मिळवलेली संख्या, बसलेली असे. अंदाजाने एक संख्या सगळ्यांतून वजा करायची आणि उरलेल्यांना तिनाने भाग जातो का पाहायचे. रांगेत पाचच संदेश असतील तर योगायोगाने तसे होण्याचा संभव २४३ त एकदा. ऐकायला हे पुरेसे वाटते, पण पाच आकडी झाकणसंख्या एक लाख संभवतात. म्हणजे चारशेहून अधिक चुकीचे अंदाज या चाळणीतून सुखरूप खाली पडतात. दहा संदेश असले तर मात्र एखाददुसराच. म्हणून या धंद्यात हुशारीइतकेच महत्त्व संदेशांच्या ढिगाला. प्रत्यक्षात वारंवार येणाऱ्या संख्यांच्या याद्या हाताशी ठेवून काम आवरते घेत, तरी ते माणसाच्या हाताने उरकणारे नव्हते. प्रत्येक संख्या पत्र्याच्या नव्हे, कागदी पुठ्ठ्याच्या छिद्रपत्रिकेवर टोचायची आणि आयबीएमच्या यंत्रांतून गठ्ठेच्या गठ्ठे फिरवायचे. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर झालेल्या जपानी हल्ल्यात ‘कॅलिफोर्निया’ ही युद्धनौका बुडाल्यावर तिच्या बँडमधल्या वादकांना हाती वाद्ये उरली नव्हती. त्यांना या यंत्रांवर बसवले. ती मंडळी कामाला फार चांगली निघाली.

ढीग वाढवायला जपान्यांनीच हातभार लावला. १९४२ च्या वसंतात त्यांचे आरमार अर्ध्या पॅसिफिकवर पसरले होते. नवी पुस्तके १ एप्रिलला लागू व्हायची होती. ती सगळ्या जहाजांपर्यंत पोचेनात म्हणून तारीख १ मे झाली, तीही टळली आणि बदल झाला तो मे संपता संपता. हे दोन महिने जुन्या पुस्तकांवर गेले नसते तर मिडवेची योजना हाती लागलीच नसती.

झाकण निघाले म्हणजे अर्थ कळला असे नाही. उरते ती संख्या, आणि तिचा अर्थ संदर्भावरून बसवावा लागतो. मोडी कागदात पुसलेले अक्षर जाणकार जसे मागच्यापुढच्यावरून लावतो तसे. इथे रोशफोर्ट यांची कारकीर्द कामाला आली. १९०० सालचा जन्म, १९१८ मध्ये नौदलात साधी भरती, अ‍ॅनापोलिसच्या अकादमीचा शिक्का नाही. ‘अ‍ॅरिझोना’ जहाजावर असताना शब्दकोडी सोडवण्यातली त्यांची गती वरिष्ठाने हेरली आणि १९२५ च्या सुमारास त्यांना वॉशिंग्टनला संकेतलिपीच्या वर्गाला धाडले. १९२९ ते १९३२ ही तीन वर्षे जपानमध्ये भाषा शिकण्यात गेली. बरोबर होते एडविन लेटन, जे पुढे पॅसिफिक आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल निमिट्झ यांचे गुप्तवार्ता अधिकारी झाले. संकेतलिपी, जपानी भाषा आणि जहाजावरचा अनुभव, तिन्ही एका माणसात असणे त्या नौदलात दुर्मीळ होते. जून १९४१ मध्ये पर्ल हार्बरचा ‘हायपो’ विभाग, म्हणजे तळघरातले ते संकेतलिपी केंद्र, त्यांच्याकडे आला. तळघरात गारठा इतका, की गणवेशावर घरगुती जाकीट आणि पायात सपाता घालून ते बसत.

चौकटीत त्यांना अचूक भविष्यवेत्ता ठरवले आहे, तेही खरे नाही. नोव्हेंबर १९४१ च्या सुरुवातीला जपानी आरमाराने सगळी संबोधनचिन्हे, म्हणजे बिनतारीवर जहाजे ओळखायची नावे, बदलली, महिन्याने १ डिसेंबरला पुन्हा बदलली, आणि विमानवाहू जहाजे अजिबात बोलेनाशी झाली. जहाजे गप्प असली की ती बहुधा स्वदेशाच्या पाण्यात असतात, असा जुना अनुभव होता. तळघराने तोच अंदाज धरला. प्रत्यक्षात ती जहाजे हवाईकडे निघाली होती. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याआधी या विभागाला जेएन-२५ वर काम करायची मुभाही नव्हती, ही दुसरी बाजू; त्यांच्याकडे दिलेली सरसेनानींची वेगळी लिपी शेवटपर्यंत फुटली नाही.

आता पाण्याकडे. ‘एएफ’ हे नाव मार्चपासून येत होते. ४ मार्चला दोन जपानी उडत्या नौकांनी (पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनी) पर्ल हार्बर ज्यावर आहे त्या ओआहू बेटावर रात्री बॉम्ब टाकले. त्या मोहिमेच्या संदेशांवरून एएफ म्हणजे मिडवे, असा मेळ बसला होता. मे महिन्यात त्याच जागेवर मोठा हल्ला येतो आहे हे दिसू लागले. वॉशिंग्टनच्या कार्यालयाचे जागेबद्दल वेगळे मत होते आणि तारखेबद्दलही. वाद मिटवायला तळघरातल्या जॅस्पर होम्स यांनी मिडवेच्या गोड्या पाण्याच्या यंत्राची कल्पना काढली. यातली मेख दोन वाटांची आहे. मिडवेला हुकूम गेला समुद्राखालच्या तारेतून, जी तार १९०३ पासून होती आणि जपान्यांना ऐकू येत नव्हती. मिडवेने उत्तर दिले बिनतारी, साध्या इंग्रजीत: पाणी गोडे करणारे यंत्र बंद पडले. थोड्याच वेळात जपानी संदेश पकडला गेला की एएफला पाण्याची टंचाई आहे. रोशफोर्ट यांनी तो वॉशिंग्टनला स्वतः कळवण्याची घाई केली नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संकेतलिपी केंद्राला कळवू दिला. तिसऱ्याच्या तोंडून आलेले पटकन पटते, हे त्यांना ठाऊक होते.

तारीख मात्र पाण्याने मिळाली नाही. तारखांना निराळी लिपी होती. ती जोसेफ फिनेगन आणि हॅम राइट यांनी रात्रभर बसून सोडवली. त्यावरून लेटन यांनी निमिट्झ यांना सांगितले: ४ जून, सकाळी ६ च्या सुमारास, मिडवेपासून १७५ सागरी मैलांवर, ३२५ अंशांच्या दिशेला. प्रत्यक्षात चूक निघाली पाच मिनिटांची, पाच अंशांची आणि पाच मैलांची. आकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू ही चारही विमानवाहू जहाजे जपानने गमावली.

लढाई चालू असतानाच, ७ जूनला, ‘शिकागो ट्रिब्यून’ने पहिल्या पानावर छापले की जपानी योजना नौदलाला आधीच माहीत होती. वर्तमानपत्राला पत्र लिहितो आहोत म्हणून हे मुद्दाम सांगतो. खटला उभा राहिला नाही, कारण तो चालवायचा तर संकेतलिपीबद्दल उघड बोलावे लागले असते.

निमिट्झ यांनी रोशफोर्ट यांच्यासाठी विशेष सेवा पदकाची शिफारस केली. ती वॉशिंग्टनमध्ये फेटाळली गेली. ज्यांचा अंदाज चुकला होता, सल्ला त्यांचाच घेतला गेला. ऑक्टोबर १९४२ मध्ये रोशफोर्ट यांना हवाईहून परत बोलावले आणि पुढे एका तरंगत्या गोदीचे प्रमुख केले, म्हणजे जहाजदुरुस्तीचे काम. १९४४ मध्ये ते गुप्तवार्तेकडे परतले. १९७६ मध्ये निधन झाले. पदक १९८६ मध्ये आले. व्हाइट हाउसमध्ये ते त्यांच्या मुलांनी स्वीकारले.

जाता जाता: चौकटीतल्या छायाचित्राखाली ‘अ‍ॅडमिरल रोशफोर्ट’ असे छापले आहे. मिडवेच्या वेळी ते कमांडर होते आणि निवृत्त झाले ते कॅप्टन म्हणून. पुढच्या अंकात दुरुस्ती द्यावी.

आपले,
संदेशवहन शाखेतील दोन निवृत्त प्रशिक्षक,
पुणे