आधी मृत्यूंची खरी नोंद हवी

मेळघाटातील बालमृत्यू रोखण्यासाठी आणखी एक योजना आणावी, अशी मागणी करणारा रविवारच्या अंकातील लेख वाचला. त्यामागची कळकळ पटली, मागणी मात्र पटली नाही. योजना पुष्कळ आहेत. कोणते मूल कितव्या दिवशी आणि कशाने गेले, हे खात्रीने सांगणारी नोंद हवी आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आधी गावोगावचे जन्म-मृत्यू मोजले. मग गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांचा जंतुदोष ओळखायला आणि घरीच उपचार करायला शिकवले. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षापर्यंत सेवा मिळालेल्या गावांतील नवजात मृत्युदरात, इतर गावांतील बदलाच्या तुलनेत, ६२ टक्क्यांची घट झाली. हे संशोधन १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०११मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ या गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांमार्फत घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू केला.

आरोग्य उपकेंद्रात नोकरी करताना मी एक गोष्ट पाहिली आहे. मृत्यू नोंदवला की पहिला जाब नोंदवणारीलाच विचारला जातो. मग दोन दिवसांचे बाळही कागदावर ‘मृत जन्म’ ठरते, आणि त्याच्या मृत्यूचे कारण कोणी शोधत नाही. म्हणून सेवा देणारी आणि मृत्यू नोंदवणारी व्यक्ती वेगळी असावी, नोंदीबद्दल कोणावरही कारवाई होऊ नये आणि गावाचे आकडे दर ग्रामसभेत वाचले जावेत.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, अमरावती