नाईलचा गाळ आणि नाईलचा उतार

संपादक महोदय,

प्राचीन इजिप्तच्या सुबत्तेचा विषय निघाला की ‘नाईलने सुपीक गाळ आणला’ एवढ्यावर तो आटोपतो. गाळ यायचा हे खरं, पण सरासरीने वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. तीच जमीन हजारो वर्षं पिकत राहिली, त्याचं मोठं श्रेय पुराच्या वेळेला आणि खोऱ्याच्या उताराला आहे.

इथिओपियाच्या डोंगरांतला पाऊस निळी नाईल आणि अटबारा या नद्यांतून उतरे आणि ऑगस्ट-सप्टेंबरात इजिप्तमध्ये पूर भरात येई. खपली गहू आणि जव तोवर कधीच कापून झालेले; रिकामं काळं रान उन्हाने भेगाळलेलं. मेसोपोटेमियात मात्र तैग्रिस-युफ्रेटिसचा पूर वसंतात, उभ्या पिकात शिरे.

नदी काठाशीच जास्त गाळ टाकते, म्हणून काठ उंच आणि वाळवंटाकडची जमीन सखल. काठ फोडला की पाणी आपसूक आत. नदीपासून वाळवंटापर्यंत आडवे मातीचे बांध घालून मोठाले कप्पे केलेले असत. त्यांत एक ते दीड मीटर पाणी ४० ते ६० दिवस कोंडायचं, मग खालच्या कप्प्यात किंवा ओसरलेल्या नदीत सोडायचं. वाफसा येताच बी फोकायचं आणि मेंढ्यांच्या खुरांनी दाबून घ्यायचं. त्या ओलीवरच पीक निघे.

खरी गंमत क्षारांची. उन्हाळ्यात भूजल खोल गेलेलं असल्यामुळे मुरणारं पाणी क्षार खाली घेऊन जाई, उरलेले सोडलेल्या पाण्याबरोबर वाहून जात. जमीन खारवून चोपण होत नसे.

पूर तोकडा पडला तर उंचावरची शेतं कोरडी राहत. फार चढला तर बांध फुटत, पाणी उशिरा हटे, पेरणी लांबे. म्हणून नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावर पायऱ्यांवर खुणा कोरून पातळी मोजत. इजिप्तच्या मापातला एक हात सुमारे ५२ सेंटिमीटरचा. रोमन लेखक प्लिनीच्या हिशेबात १२ हात म्हणजे उपासमार, १६ हात म्हणजे आनंदीआनंद. पातळीवरून शेतसाऱ्याचाही अंदाज बांधता येई. जमा झालेलं धान्य प्रवाहाबरोबर उत्तरेला जाई आणि रिकाम्या होड्या उत्तरेच्या वाऱ्यावर शिडं उभारून परत येत.

आस्वानचं उंच धरण १९७० मध्ये पूर्ण झालं. बारमाही पाणी मिळालं, पण क्षारांची ती दरवर्षीची धुलाई थांबली. त्यानंतर लाखो एकरांत जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकाव्या लागल्या.

– एक वाचक