आँटी, तुमचे मनापासून आभार

आदरणीय आँटी,

मेलबर्नमध्ये समाजकार्य शिकणाऱ्या आणि करणाऱ्या आमच्या मराठी मंडळींना तुमचं काम कळावं, म्हणून हे पत्र मराठीत लिहितेय. तुमच्या ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी, समाजात वडीलधाऱ्या स्त्रीला आदराने ‘आँटी’ म्हणतात, तसंच मीही म्हणतेय. तुम्हाला भेटून वाचून दाखवीनच. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

ॲबोरिजिनल मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला की ती कुठे आणि कशी राहतील हे घरच्यांनीच मिळून ठरवावं, यासाठी कुटुंबाची बैठक होते. लोकांना दिसते ती दोन-तीन तासांची. तुमची मेहनत त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. त्या दोन भावंडांसाठी तुम्ही शेपर्टनची मावशी शोधलीत, मिल्ड्युराचा मामा शोधलात. आमच्या बालसंरक्षण खात्याच्या फायलीत दोघांचीही नावं नव्हती. आजी तर यायलाच तयार नव्हत्या. त्यांना स्वतःला लहानपणी सरकारनेच आईपासून तोडलं होतं. १९९७च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालात अशा मुलांची दुःखं नोंदली गेली, २००८मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. तरी दारात सरकारी गाडी थांबली की आजींच्या पोटात गोळा येतो. तुम्ही त्यांच्याकडे जाऊन बसलात, चहा घेतलात, आणि मुलांचा विषय त्यांनी काढेपर्यंत थांबलात.

व्हिक्टोरिया राज्यात या बैठकीला दोन समन्वयक असतात, एक खात्याचा आणि एक ॲबोरिजिनल संस्थेचा; या बैठकीत संस्थेकडून तुम्ही होतात. मुलांबद्दलची काळजी आम्ही सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात, “आता आपण बाहेर जाऊ.” आत फक्त घरची माणसं उरली.

दार उघडलं तेव्हा भिंतीवरचा कागद भरला होता. शाळेचे दिवस मावशीकडे. शनिवारी फूटीला, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलला, मामा नेणार. आईची भेट आजींच्या घरी. आणि आईचं व्यसन पुन्हा उफाळलं तर मुलं त्याच रात्री कुणाकडे जातील, हेही लिहिलेलं. ती ओळ आईच्या हातची होती. कुठल्याही अधिकाऱ्याने आखलेल्या योजनेत मी इतकी बारीक सोय पाहिलेली नाही.

घराबाहेर ठेवल्या जाणाऱ्या ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर या मूळनिवासी समाजांतल्या मुलांचं इतर मुलांच्या तुलनेतलं जादा प्रमाण २०३१पर्यंत ४५ टक्क्यांनी घटवायचं, असं देशाने ठरवलंय. त्यासाठी तुमच्यासारखी माणसं हवीत, आणि नातेवाईक शोधायला त्यांना पुरेसा वेळ हवा. मी वरिष्ठांना तसं लेखी कळवलंय. मुलं आज मावशीकडे आहेत, एकत्र आहेत. आँटी, त्याबद्दल तुमचे किती आभार मानू!

तुमची ऋणी,
एक मराठी समाजकार्यकर्ती